बीजकात नसलेला माल

मराठी भाषेने पालीला एक फार जबाबदारीचे काम सोपविले आहे. समोरचा माणूस गोड बोलत असतो, कागदपत्रे वरकरणी ठीक दिसत असतात, भावही रास्त असतो. तरीही व्यवहारात कोठे तरी काही खटकते. अशा वेळी आपण म्हणतो, ‘मनात शंकेची पाल चुकचुकली.’ पेढीवर ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना या चुकचुकण्याची किंमत ठाऊक असते. ते वेळेवर ऐकू आले, तर मुद्दल वाचते. न आले, तर पुढची अनेक वर्षे निस्तरण्यात जातात.

या वेळी मात्र आपण भिंतीवरच्या खऱ्या पालीकडे वळणार आहोत. किंबहुना तिच्या समुद्रापार राहणाऱ्या भावंडांकडे. हिंदी महासागरातील उष्ण कटिबंधीय बेटांवर पाली आणि सापसुरळ्या यांच्या अशा काही जाती राहतात, ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांच्यापैकी कित्येक नाहीशा झाल्या, कित्येक मरणाच्या दारातून परत आणल्या गेल्या. या साऱ्या कथेत एक सूत्र सारखे पुढे येते, आणि ते व्यापारी कुटुंबांना जवळचे वाटावे असे आहे. ते सूत्र म्हणजे जहाजातून उतरलेला, परंतु बीजकात कोठेही न लिहिलेला माल.

मॉरिशस हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. कोणाला तेथील साखर आठवेल, कोणाला गुंतवणुकीचा ‘मॉरिशस मार्ग’ आणि त्यामागचा कर-करार आठवेल. १८३४ पासून भारतातील मजूर करारावर तेथील ऊसमळ्यांत जाऊ लागले. त्यांत कोकण आणि देशावरील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि गणेशोत्सव आजवर जपला आहे आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईच्या बंदरातील ज्या पायऱ्यांवरून हे मजूर चढले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला.

परंतु माणसांच्या कितीतरी आधी या बेटावर दुसरे आप्रवासी येऊन स्थिरावले होते. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. ते सुमारे ऐंशी लक्ष वर्षांपूर्वी समुद्राबाहेर आले आणि कोणत्याही खंडाला कधीच जोडलेले नव्हते. मादागास्करचा किनारा तेथून सुमारे नऊशे किलोमीटर दूर. एवढे अंतर ओलांडून वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी आपल्या बळावर तेथे पोहोचू शकला नाही. पाली मात्र पोहोचल्या. वादळात उन्मळून पडलेले झाड, त्याच्या ढोलीत किंवा सालीखाली चिकटलेली दोन इवलीशी अंडी, आणि समुद्राचा अनुकूल प्रवाह एवढेच त्यांचे तारू. पालीच्या अंड्याचे कवच चुनखडीसारखे टणक असते. खारे वारे आणि कोरडेपणा ते बराच काळ सोसू शकते. लक्षावधी वर्षांत अशी एखादीच फेरी यशस्वी झाली, तरी निसर्गाला पुरते. टेलफेअरच्या सापसुरळीचे पूर्वज तर मादागास्करकडून नव्हे, उलट दिशेने, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने अवघा महासागर ओलांडून आले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

एकदा पोहोचल्यावर त्यांना जे मिळाले, ते मोठ्या भूखंडावर सहसा मिळत नाही. मांजर नाही, मुंगूस नाही, उंदीर नाही. भूखंडावर जी कामे पक्षी, मधमाश्या आणि लहान सस्तन प्राणी करतात, त्यांतील बरीचशी रिकामी पडलेली. पालींनी ती उचलली.

आपल्या घरातील पाल करड्या रंगाची आणि रात्रीची. मॉरिशसच्या दिनचर पाली मात्र पाचूसारख्या हिरव्या असतात. पाठीवर तांबडे ठिपके, कोणाच्या शेपटीला निळी झाक. त्या भर उन्हात वावरतात. डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या नसल्यामुळे जिभेनेच डोळे पुसून घेतात. आणि मुख्य म्हणजे, कीटकांबरोबर त्या फुलांतील मधुरसही चाटतात. येथेच त्या बेटाच्या संसारातील एक मोलाचे काम पार पडते.

मॉरिशसच्या डोंगरउतारावर ‘रुसिया’ नावाची एक वेलीसारखी चढणारी झुडुपी वनस्पती आहे. तिला जवळचे असे आप्त जगात जवळपास नाहीतच. तिच्या पिवळसर, घंटेसारख्या फुलांत निळ्या शेपटीची पाल डोके घालते, रस चाटते आणि डोक्याला चिकटलेले पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. पुढे फळ धरले की त्यातून बियांनी भरलेला चिकट गर पाझरतो. तो गरही हीच पाल चाटते आणि बिया दूरवर नेऊन टाकते. परागांचा दलाल तीच आणि बियांची वाहतूकदारही तीच, असे उदाहरण वनस्पतिजगतात फार दुर्मिळ. तेथील काही फुलांचा मधुरस तांबडा किंवा पिवळा, रंगीत असतो. साध्या पाण्यासारख्या रसापेक्षा पाली रंगीत रसाकडे अधिक ओढल्या जातात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. मॉरिशसचे राष्ट्रीय पुष्प याच रंगीत रसाच्या फुलांच्या कुळातील आहे. म्हणजे एका स्वतंत्र राष्ट्राने मानचिन्ह म्हणून मिरविलेल्या फुलाच्या घराण्याचा वंश काही अंशी एका पालीच्या जिभेवर अवलंबून आहे!

याच पालींवर आणखी एका जिवाचा संसार चालत होता. मॉरिशसचा खैरा ससाणा हा लहानसा शिकारी पक्षी मुख्यतः दिनचर पालींवर जगतो. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे अवघे चार पक्षी उरल्याचे माहीत होते. जंगलतोड, डीडीटीची फवारणी आणि बाहेरून आलेले शत्रू या तिहींनी त्याला तेथवर आणले होते. पुढे कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून त्याला वाचविले. परंतु पक्षी पिंजऱ्यात वाढविता आले, तरी त्याला सोडायचे जेथे, त्या रानात पाली असाव्याच लागतात.

आता या संसाराला दृष्ट कशी लागली, ते पाहू.

१५९८ मध्ये डच खलाशी मॉरिशसवर उतरले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. पुढे फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. डोडो पक्ष्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. डचांच्या आगमनानंतर शंभर वर्षांच्या आत तो संपला. डोडोबरोबर एक महाकाय सापसुरळीही संपली, तिचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही. आज मॉरिशसवर मूळचे सकस जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. बाकी जमीन ऊस, वस्ती आणि परदेशी झाडोऱ्याखाली गेली.

शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाची हकिगत अधिक मन हेलावणारी आहे. धार्मिक छळामुळे देशोधडीला लागलेला फ्रान्स्वा लेगा नावाचा फ्रेंच गृहस्थ १६९१ ते १६९३ अशी दोन वर्षे आपल्या मोजक्या सोबत्यांसह त्या निर्जन बेटावर राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, तेथील ताडवृक्ष फूटभर लांबीच्या रंगीबेरंगी पालींनी लगडलेले असत. त्या इतक्या निर्भय होत्या की जेवणाच्या मेजावर येऊन खरबुजाच्या फोडी खात, प्रसंगी माणसाच्या हातातूनही घेत. माणसाचे भय त्यांना ठाऊकच नव्हते, कारण भय शिकविणारा कोणी तेथे आलाच नव्हता. रॉड्रिग्जच्या त्या मोठ्या दिनचर पालीचा शेवटचा नमुना १९१७ मध्ये मिळाला. रात्री हिंडणारी तिची आणखी एक थोरली बहीण त्याआधीच, १८४२ नंतर, कोणाला दिसली नाही. लेगाच्या ताटाशी बसणारे ते पाहुणे आता केवळ संग्रहालयांतील बरण्यांत आहेत.

त्यांना कोणी ठरवून मारले नाही. जहाजे आली, जहाजांतून धान्य उतरले, आणि धान्याबरोबर उंदीर उतरले. उंदरांसाठी मांजरे आणली गेली. ताजे मांस हवे म्हणून डुकरे आणि शेळ्या सोडल्या. यांतील काही माल मागवून आणलेला होता, काही न सांगता आला. बेटाच्या खातेवहीत मात्र सगळाच खर्ची पडला.

न सांगता आलेल्या प्रवाशांमध्ये आपल्या ओळखीचे काही चेहरे आहेत. आशियाच्या उष्ण प्रदेशातील एक घरपाल, जी आपल्या कोकणकिनाऱ्यावरील घरांतही दिव्याभोवती कीटक टिपते, ती मालाच्या पेट्यांतून, लाकडांतून, गवती शाकारणीतून जगभरच्या बंदरांत पोहोचली. मॉरिशसमध्ये एक स्थानिक रात्रिचर पाल होती. तिच्या बोटांना चिकटून राहण्याच्या गाद्या नसतात. खडबडीत दगडांवर तिचे बरे चालते. गुळगुळीत पृष्ठावर मात्र गादीदार पायांची घरपाल तिला सहज हुसकावते, निवाऱ्याच्या जागा बळकावते. परिणामी मुख्य बेटावरून ही स्थानिक पाल नाहीशी झाली. ती उरली केवळ आसपासच्या खडकाळ टापूंवर.

मुंगीसारख्या क्षुद्र वाटणाऱ्या जिवाचेही तसेच. पांढऱ्या पायांची एक परदेशी मुंगी रुसियाच्या फुलांत पिठ्या ढेकूण पाळते. त्यांच्यापासून मिळणारा गोड द्रव तिला हवा असतो. त्यांच्या संरक्षणासाठी ती फुलांवर मातीची छपरे बांधते आणि जवळ आलेल्या पालीवर तुटून पडते. पाल फिरकत नाही, फूल फळत नाही. झाड उभे आहे, फुललेलेही आहे; परंतु वंश थांबला आहे. पाहणाऱ्याला वरून काहीच बिघडलेले दिसत नाही.

या अंधारात एक दिवा कसा राहिला, तर तो मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे बावीस किलोमीटरवर असलेल्या ‘राउंड आयलंड’ या टापूमुळे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचा हा ज्वालामुखीचा सुळका. भोवती उभे कडे, पुळण नाही, नाव लागायला धक्का नाही. लाटेच्या उसळीबरोबर खडकावर उडी मारावी लागते. याच अडचणीमुळे तेथे उंदीर कधीही पोहोचला नाही. मुख्य बेटावरून गेलेल्या जाती तेथे तग धरून राहिल्या: टेलफेअरची सापसुरळी, ग्युंथरची भली मोठी पाल, आणि एक अद्भुत अजगरवर्गीय साप, ज्याच्या वरच्या जबड्याचे हाड मध्ये दुभंगून दोन भागांत हलते. गुळगुळीत, टणक अंगाच्या सापसुरळीला घट्ट धरण्यासाठी ही योजना.

परंतु एकोणिसाव्या शतकात तेथेही शेळ्या आणि ससे सोडले गेले. सोडणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. वादळात जहाज फुटून कोणी तेथे अडकला, तर त्याला अन्न मिळावे, अथवा शिकारीची सोय व्हावी, अशा विचाराने त्या काळी अनेक बेटांवर असे प्राणी सोडीत. त्यांनी कोवळे अंकुर एकूण एक कुरतडले. कठीण लाकडाचे रान संपले. मुळे गेली तशी माती सुटली आणि पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली. आपल्याकडील रोपवाटिकांत बुंध्याशी फुगीर बाटलीसारखा दिसणारा ‘बॉटल पाम’ विकला जातो. त्याचे मूळ माहेर हे राउंड आयलंड. तेथे मात्र त्याची निसर्गातील झाडे बोटांवर मोजण्याइतकी उरली. मातीत बीळ करून राहणारा दुसरा एक साप १९७५ मध्ये शेवटचा दिसला. माती गेली, तसा तोही गेला.

१९७६ मध्ये प्राणिसंग्राहक आणि लेखक जेराल्ड डरेल तेथे गेले. त्यांनी काही सापसुरळ्या आणि पाली इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरील आपल्या संग्रहालयात नेऊन त्यांची पैदास सुरू केली. पण मूळ घर उद्ध्वस्त होत असताना पाहुण्यांना दुसरीकडे किती दिवस ठेवणार? शेळ्या आणि ससे बेटावर असेतो रान उठणे शक्यच नव्हते.

येथे या कथेतील सर्वांत अवघड प्रसंग येतो, आणि तो झाकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७९ पर्यंत राउंड आयलंडवरील शेळ्या संपविण्यात आल्या. १९८६ मध्ये न्यूझीलंडचे डॉन मर्टन यांच्या नेतृत्वाखाली सशांचे उच्चाटन झाले. त्यासाठी विषारी आमिष वापरले गेले. ज्या घरांत मुंगीवर पाय पडू नये म्हणून जमीन पाहून चालण्याची शिकवण दिली जाते, त्या घरांतील वाचकाला हे वाक्य खुपल्याविना राहणार नाही. ते खुपलेच पाहिजे. त्या सशांचा अपराध काय होता? ते स्वतःहून आले नव्हते. भूक लागली तेव्हा त्यांनी समोरचे हिरवे खाल्ले, एवढेच.

दुसऱ्या पारड्यात काय होते, तेही पाहावे लागते. ससे जगात कोट्यवधी आहेत. टेलफेअरची सापसुरळी, ग्युंथरची पाल आणि तो दुभंग्या जबड्याचा साप यांना राउंड आयलंडखेरीज दुसरे घर नव्हते. शिवाय रान पूर्ण संपल्यावर ससेही उपाशीच मरणार होते. एका बाजूला जिवंत प्राणी, दुसऱ्या बाजूला जाती आणि त्यांच्या पुढे न जन्मलेल्या पिढ्या. निर्णय घेणाऱ्यांनी एक बाजू निवडली. ती निर्दोष होती, असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. ती टाळता आली असती, हे मात्र निश्चित. ती टाळण्याची वेळ १९८६ ची नव्हती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नावेतून पहिली शेळी आणि पहिला ससा उतरविताना कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. त्या दिवशी एक ‘नको’ पुरेसा होता. पुढे त्या न उच्चारलेल्या शब्दाचे व्याज सशांनी, शेळ्यांनी, सापसुरळ्यांनी आणि झाडांनी, सर्वांनी मिळून फेडले. हिंसा हातात शस्त्र घेतल्यावरच सुरू होते असे नाही. कधी कधी ती अविचाराने केलेल्या उपकारातूनही सुरू होते.

ससे गेल्यावर बेटाने श्वास घेतला. तालवृक्ष आणि केवड्याच्या कुळातील झाडे पुन्हा वाढू लागली. टेलफेअरच्या सापसुरळ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्या फळे खातात आणि बिया पसरवितात, म्हणून रानाला हातभार लागला. २००७ पासून तेथे महाकाय कासवे सोडण्यात आली. मॉरिशसची मूळ कासवे खलाशांनी खाऊन संपविली होती; त्यांचे चरण्याचे काम दुसऱ्या बेटावरील ही त्यांची आप्त कासवे करतात. त्याच सुमारास सापसुरळ्यांच्या काही तुकड्या उंदीरमुक्त केलेल्या दोन टापूंवर नेऊन वसविल्या. सारे भांडवल एकाच पेढीत ठेवू नये, हा धडा निसर्गरक्षकांनीही शिकला होता.

तो धडा किती वेळेवर शिकला गेला, याचे उदाहरण नारिंगी शेपटीच्या सापसुरळीचे. ही जात केवळ ‘फ्लॅट आयलंड’ या पर्यटकांच्या वर्दळीच्या टापूवर उरली होती. खबरदारी म्हणून २००८ नंतर तिच्या काही शे प्राण्यांना शेजारच्या ‘गनर्स कॉइन’ टापूवर हलविण्यात आले. आणि २०१० च्या सुमारास फ्लॅट आयलंडवर, बहुधा नावेतील सामानातून, एक बिनबोलावलेला पाहुणा पोहोचला. त्याला आपण प्रत्येक जण ओळखतो. गोदामात भिंतीच्या कडेने ‘चुंचुं’ करीत धावणारी, वासाने जागा सांगणारी आपली चिचुंद्री. अल्पावधीत तिने त्या टापूवरील नारिंगी शेपटीच्या सापसुरळ्या संपविल्या. हलविलेल्या तुकड्या नसत्या, तर ती जात तेथेच इतिहासजमा झाली असती. लक्षावधी वर्षांचा वंश आणि त्याचा अंत यांमध्ये उभी होती केवळ दोन वर्षांची दूरदृष्टी.

असे दैव सर्वांच्या वाट्याला येत नाही. हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील ख्रिसमस बेट आहे. १९८० च्या दशकात तेथे मालवाहतुकीबरोबर आशियातील एक साप पोहोचला. आपल्या घरांच्या आसपास दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचा तो जवळचा भाऊ. पाली आणि सापसुरळ्या हेच त्याचे अन्न. पाहता पाहता बेटावरील मूळच्या जाती विरळ होत गेल्या. २००९ पासून त्यांतील दोन जाती पकडून बंदिवासात वाढविण्यात आल्या, म्हणून त्या आज जिवंत आहेत. रानसापसुरळीच्या बाबतीत उशीर झाला. बंदिवासातील तिच्या शेवटच्या मादीचे नाव ‘गम्प’ असे ठेवले होते. तिला जोडीदार शोधून देण्याचे सारे प्रयत्न निष्फळ ठरले. ३१ मे २०१४ रोजी ती मेली, आणि एका जातीचे खाते कायमचे बंद झाले.

मॉरिशसलाही निर्धास्त राहण्याची सवड नाही. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे अजस्र मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळील प्रवाळभिंतीवर रुतले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे एक हजार टन इंधन तेल समुद्रात सांडले. जवळच्या टापूंवर लहानग्या पाली आणि सापसुरळ्यांच्या तीन जाती होत्या. त्यांतील काही प्राणी तातडीने पकडून विमानाने जर्सीला नेण्यात आले. त्या जहाजाला या टापूंवर काही पोहोचवायचे नव्हते, त्यांच्याकडून काही न्यायचेही नव्हते. ते केवळ जवळून जात होते.

राउंड आयलंडवर आज कोणालाही सहज पाय ठेवता येत नाही. परवानगी मिळालेल्या संशोधकांच्या बुटांच्या खाचा, कपड्यांच्या शिवणी, पिशव्यांचे कोपरे तपासले जातात. एखादे बी, एखादी मुंगी, एखादे अंडे चुकूनही जाऊ नये म्हणून. वाचून कोणाला हा अतिरेक वाटेल. परंतु एका मुंगीने काय केले आणि एका चिचुंद्रीने काय केले, हे पाहिल्यावर तो अतिरेक वाटत नाही. दारातील तपासणीला काही मिनिटे लागतात. दार चुकल्यावरच्या दुरुस्तीला चाळीस वर्षे लागली, आणि तिच्यात रक्तही सांडले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या व्यवसायात आयात-निर्यात असते. न्हावाशेवाच्या बंदरात माल चढविताना लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीची आकृती असलेला एक शिक्का पाहिला जातो. २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला अर्धा तास तापविलेले, अथवा धुरी दिलेले आहे, याची ती खूण. पुष्कळांना ही एक सरकारी कटकट वाटते, आणि कधी कधी जुन्या बिनशिक्क्याच्या फळ्या ‘चालून जातील’ म्हणून मधेच घुसडल्याही जातात. लाकडातील भुंगा आणि अळी दूरच्या रानात उतरू नये, यासाठी तो शिक्का आहे. त्याच्यापुढे सही करताना आपण कोणत्या तरी अनोळखी बेटाच्या दाराशी उभे असतो. कंटेनर रिकामा झाल्यावर त्याचे कोपरे झाडणे, माल भरण्यापूर्वी आत एकदा दिवा फिरविणे, परदेशातून येताना रोप, कंद किंवा माती सामानात न लपविणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बाजारात पिंजऱ्यातील प्राणी पाहून मन द्रवते, आपण तो विकत घेतो आणि मोकळा सोडतो. भावना निर्मळ असते. परंतु तो जीव कोठला आहे, आणि सोडतो ती जागा कोणाची आहे, हे विचारले जाते काय? कानाजवळ लाल पट्टा असलेली परदेशी कासवे घरांत पाळली जातात. मोठी झाली की दयेपोटी तलावात सोडली जातात. पुण्या-मुंबईच्या तलावांत ती आता दिसतात आणि देशी कासवांच्या अन्नावर व उन्हाच्या जागांवर हक्क सांगतात. राउंड आयलंडवर ससा सोडणाऱ्याच्या मनातही कोणाचे तरी भलेच होते. अशा प्राण्याला वन विभागाकडे किंवा जाणत्या प्राणिरक्षकाकडे सोपविणे, आणि मुळात तो विकत घेऊन त्या बाजाराला बरकत न देणे, ही अधिक दूरची करुणा होय.

आणि आपल्या भिंतीवरील पाल? ती येथलीच आहे. तिला हाकलण्याचे काही कारण नाही. ती आपल्याकडे काही मागत नाही. दिव्याभोवतीचे कीटक टिपते आणि पहाटे फ्रेमच्या मागे जाऊन बसते. आपल्या घरात ती निरुपद्रवी, आणि तिचीच एक बहीण दूरच्या बेटावर दुसऱ्या जातीच्या मुळावर आलेली. दोष तिचाही नाही, चिचुंद्रीचाही नाही, सशाचा तर नाहीच. पेटी भरणारे, नाव हाकणारे आणि पेटी उघडणारे हात सारे माणसांचे होते. त्या हातांना वेळेवर थबकविणारे मन जागे ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे. मालाची यादी पुन्हा एकदा पडताळून पाहण्याची सवय व्यापाऱ्याला असतेच. यापुढे यादीत नसलेल्या मालाकडेही एक नजर टाकावी.